पायपेटीची पाठवणी

“पेटी आज उचलायची म्हणजे आजच उचलायची,” बबनराव दारातूनच ओरडले. “मला सांजच्या आत वाट धरायचीय, राव. आन् तुमी अजून फळ्याच कापताय व्हय?”

कादरभाईंनी कानावरची पेन्सिल काढली, फळीवर रेघ मारली, पेन्सिल परत कानावर ठेवली आणि मगच मान वर केली.

“आज नाही होणार. उद्या दुपार उजाडेल. कदाचित संध्याकाळसुद्धा.”

“उद्या? आन् तवर टेम्पो कुठं लावू, डोक्यावर?”

“बाहेर लिंबाखाली जागा आहे की. वहिनी, बबनरावांना चहा टाका जरा.”

सोजरबाई उठल्या आणि स्टोव्हकडे गेल्या. खोली एवढीशी, त्यात मधोमध ती पायपेटी उभी. पिंपरीतली ही जुनी चाळ आता पडणार होती. त्या जागी सात मजली इमारत होणार होती, आणि ती होईपर्यंत सोजरबाईंना मिळणार होती एक खणभर खोली. त्यात माणूस आडवा झाला तर पेटीला बाहेर जावे लागणार आणि पेटी आत आली तर माणसाला.

बबनराव उंबऱ्यावर बसले. माणूस वाईट नव्हता, फक्त भाड्याचा खोळंबा त्याला सोसत नव्हता. “अवो, पेटी घेनारा सायेब म्हनला दोन घोंगड्या गुंडाळा, दोरी मारा आन् टाका टेम्पोत. त्याला चालतंय, मंग तुमाला काय?”

“त्याला चालेल. पेटीला नाही चालायचं.”

आता कादरभाईंना घाई करायला सांगणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. महाळुंग्याच्या एका मशीन बनवणाऱ्या कंपनीत त्यांची उभी हयात पॅकिंग खात्यात गेली. बाकीचे कामगार मशीन बनवायचे, आणि कादरभाई त्या मशीनला लाकडी खोके बनवायचे. मशीनचे फोटो कंपनीच्या कॅलेंडरवर यायचे, खोक्याचा फोटो कोण काढतो? पण तीच मशीन जहाजातून महिनाभर हेलपाटत परदेशात उतरायची तेव्हा तिच्यावर साधा ओरखडा नसायचा. कादरने बांधलेले खोके कधी फुटले नाही, असे कंपनीतले लोक आजही सांगतात. कादरभाई स्वतः तसे सांगत नाहीत, कारण एक फुटले होते आणि ते त्यांना अजून सलते.

रविवारी सुट्टीच्या दिवशी हा माणूस पेट्या दुरुस्त करायचा. हार्मोनियमचा भाता फाटला, सूर चिरकला, पट्टी अडकली, की आणा कादरकडे. निवृत्त झाल्यावर पिंपरी कॅम्पातल्या एका मागच्या गल्लीत त्यांनी हातभर रुंद दुकान घेतले आणि तेच काम रोजचे झाले. पैसे किती मिळतात हे त्यांच्या बायकोने, गौहरबींनी, विचारायचेसुद्धा सोडून दिले होते.

ही पायपेटी मात्र साधीसुधी नव्हती. माणसाच्या छातीइतकी उंच, काळपट शिसवी अंग, खाली पायाने दाबायच्या दोन फळ्या, वर सुरांच्या खुंट्यांची रांग. दोन्ही पाय चालवत राहायचे तेव्हा भाता भरायचा, आणि मग हात चालवायचे. शंभरी उलटलेली ही चीज एका बंद पडलेल्या नाटक कंपनीच्या सामानातून फिरत फिरत कुदळवाडीच्या भंगारात येऊन पडली होती. तिथे ती सापडली कादरभाईंना, आणि घेतली भीमराजने.

भीमराज म्हणजे सोजरबाईंचे यजमान. दुसऱ्या एका कंपनीत फिटर, आणि बाहेर गाणारा. स्वतः भीमगीते रचायचा, स्वतः चाली बांधायचा. अख्ख्या वर्षाचा बोनस त्याने त्या भंगारवाल्याच्या हातावर ठेवला तेव्हा सोजरबाई दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. कादरभाईंनी मात्र दर रविवारी येऊन, एकेक सूर काढून, घासून, पुसून ती पेटी जिवंत केली. मग दर चौदा एप्रिलला ट्रकवर ती पेटी आणि तिच्यामागे भीमराज. सगळी पिंपरी त्याला ओळखायची.

पुढे भीमराजची कंपनी बंद पडली आणि त्याच्या छातीनेही दगा दिला. महापालिकेच्या हॉस्पिटलात शेवटी त्याने कादरभाईंचा हात धरला होता. “कादर, पेटी विकायची वेळ आली तर तूच विक. आणि सोजरचा एक रुपया कमी पडता कामा नये.” कादरभाईंनी मान हलवली होती. तेवढेच. पण त्यांच्या लेखी तो शब्द दगडावर कोरला गेला होता. सोजरबाईंना ना पेन्शन, ना मुलगा. लेक लातूरकडे दिलेली, तिचेच तिला पुरत नव्हते. पेटीचे जे येईल ते बँकेत टाकायचे आणि कोणापुढे हात न पसरता जगायचे, एवढाच त्यांचा हिशोब.

म्हणून कादरभाईंची मुलगी साबिया हिने जुन्या वस्तूंच्या एका ऑनलाइन लिलावात पेटीचे फोटो टाकले. खाते कादरभाईंचे, कारण सोजरबाईंकडे फोन होता तो फक्त ‘हॅलो’ म्हणण्यापुरता. बोली चढत चढत दोन लाख दहा हजारांवर थांबली. सोजरबाई म्हणाल्या, “येड लागलंय का लोकास्नी?” आणि मग बराच वेळ पेटीच्या अंगावर नुसता हात फिरवत राहिल्या.

बोली जिंकणारा कोणी विक्रम साहेब होता. गोव्यात रिसॉर्ट, दिवाणखान्यात ठेवायला पेटी हवी, असे म्हणाला. बोलणे असे मिठ्ठास की कादरभाईंना वाटले, खानदानी माणूस दिसतो. तो म्हणाला, “चाचा, साइटच्या भानगडीत कशाला पडता? ते कमिशन कापतात, पैसे अडकवून ठेवतात. मी सरळ तुमच्या खात्यात चेक टाकतो.” कमिशन वाचले तर सोजरवहिनींचे वीस हजार वाचतात. एवढ्या एका गोष्टीवर कादरभाई हो म्हणाले.

शुक्रवारी चेक जमा झाल्याचा मेसेज आला. दोन दहाच्या जागी तीन दहा! लगेच फोन. “चाचा, मॅनेजरची चूक झाली. वरचे एक लाख ट्रान्सपोर्टवाल्याचे. स्पेशल गाडी आहे, गाद्यांची, चार हमाल. नंबर देतो, त्याला पाठवून द्या.”

साबिया म्हणाली, “अब्बा, चेक नुसता टाकलाय. वटू तर दे. सोमवारी बघू.”

“आणि दोन दिवस परक्याचा लाख रुपया घरात ठेवून जेवू? माझ्या घशाखाली घास उतरेल?”

इथेच घोडे पेंड खात होते. लबाड माणूस असता तर लाख रुपये दाबून मजेत बसला असता आणि वाचला असता. कादरभाईंना मात्र दुसऱ्याचा पैसा म्हणजे अमानत. अमानत ज्याची त्याला पोचेपर्यंत त्यांना बसवेना, उठवेना. शनिवारी दुकान उघडायच्या आधी त्यांनी लाख रुपये त्या नंबरवर पाठवले, आणि मग कुठे पोटभर नाश्ता केला.

आणि आज रविवारी हे बबनराव टेम्पो घेऊन हजर.

सोजरबाईंनी चहा दिला. बबनरावांनी बशीत ओतून फुंकर मारली. “घाई मला बी न्हाई वो, पर खिशात डिझेलपुरतं बी पैसं न्हाईत. सायेब म्हनला, माल पोचला की रोख आठ हजार. थोडं आगाऊ द्या म्हनलं तर फोन कट.”

कादरभाईंची करवत थांबली.

“आठ हजार? अहो, तुमच्या मालकाला काल एक लाख पाठवलेत मी.”

“माज्या मालकाला? माजा मालक मीच हाय. मावळातला माणूस मी, एक टेम्पो, त्यो बी हप्त्यावर.”

“मग ती गाद्यांची गाडी? चार हमाल? गोव्याला नेणारी?”

“गोवा?” बबनरावांनी बशी खाली ठेवली. “मला तर भिवंडीचं गोदाम सांगितलंय. मामा, तुमी नक्की कुनाला पैसं दिलं?”

कादरभाईंनी विक्रम साहेबाला फोन लावला. बंद. ज्या नंबरवर लाख गेले तोही बंद. दहादा लावून पाहिला. मग ते त्या अर्ध्या बांधलेल्या खोक्याच्या तळावर मटकन बसले. सोजरबाईंना काही नीट उमगले नाही, पण त्यांच्या चेहऱ्याचा रंग पाहून त्या पाणी घेऊन धावल्या.

घोंगडी आणि दोरीवर भागवले असते तर सकाळी आठलाच टेम्पो हलला असता आणि चहा प्यायला कोणी थांबले नसते. पेटी वाचली ती कादरभाईंच्या त्या चिवट, वैताग आणणाऱ्या कामाच्या पद्धतीमुळे. पण हे त्यांना त्या वेळी कोण सांगणार?

साबिया धावत आली. तिने तिथल्या तिथे पोलिसांच्या फोनवर तक्रार नोंदवली, नंबर दिले, सगळे सांगितले. तक्रारीचा नंबर मिळाला, पैसे मात्र नाहीत. सोमवारी बँकेत कळले की चेक परत गेला, ते खाते केव्हाच बंद झाले होते. काउंटरवरची मुलगी हळूच म्हणाली, “काका, मेसेजमध्ये खाली लिहिलं होतं. चेक वटल्यावरच रक्कम मिळेल म्हणून.”

“मी आकडाच वाचला गं, बेटा,” कादरभाई म्हणाले.

मग पाठवले ते लाख कोणाचे? ते कादरभाईंचे स्वतःचे होते. गौहरबींनी लोकांचे फॉल-पिको करून आणि कादरभाईंनी ओव्हरटाइम करून वर्षानुवर्षे साठवलेले, मक्केला उमराहच्या यात्रेला जायचे पैसे. येत्या हिवाळ्यात दोघांनी जायचे ठरले होते. गौहरबींनी तर शेजारणींकडून दुआ मागायच्या याद्यासुद्धा तोंडपाठ केल्या होत्या. कोणाच्या मुलीचे लग्न, कोणाच्या नवऱ्याची दारू.

घरी जाऊन कादरभाईंनी आडपडदा न ठेवता सांगितले. गौहरबी ऐकत राहिल्या. मग कडाडल्या.

“दोन दिवस थांबला असता तर आभाळ कोसळणार होतं का, अजी?”

“मला वाटलं दुसऱ्याचा पैसा आहे.”

“दुसऱ्याचा नव्हता! आपला होता! माझ्या सुईचा होता!”

एवढे बोलून त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि मोठ्याने रडल्या. कादरभाई हळूच बाहेर पडले आणि सोजरबाईंकडे जाऊन खोक्याच्या उरलेल्या फळ्या कापू लागले. पेटी आज ना उद्या जाणारच होती. खोके लागणारच होते.

बबनरावांना त्यांनी खोळंब्याचे भाडे देऊ केले. बबनराव कानाला हात लावत म्हणाले, “मामा, तुमचं काय गेलंय ते मी बघितलंय. डिझेलचं द्या फकस्त.” कादरभाईंनी तरी पाचशेची एक नोट जास्त सारली. गल्लीत मात्र चहाच्या टपरीवर चार दिवस हाच विषय. “कादरभाईंना टोपी घातली, भावा!” कोणी हसले, कोणी हळहळले. कादरभाई समोरून गेले की टपरी गप्प व्हायची, आणि ते गप्प होणे त्यांना हसण्यापेक्षा जास्त लागायचे.

ते सोजरबाईंना म्हणाले, “वहिनी, आता विक्री दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. माझ्यावर भरवसा ठेवण्यासारखं राहिलं नाही काही.”

सोजरबाईंनी कमरेला पदर खोचला. “का? पेटी हाय नव्हं जाग्यावर? तुमी घोंगडीत बांधून दिली असती तर मी आज बोंबलत बसले असते. तुमीच विकायची. ह्यांनी तुमालाच सांगितलं हुतं, गल्लीला न्हाई.”

साबियाने साइटवर दुसऱ्या नंबरच्या बोलीवाल्याला निरोप धाडला. ती निघाली कोल्हापूरची करिष्मा, गाण्याचा क्लास चालवणारी. बोली एक लाख नव्वदची. आता दुधाने तोंड पोळलेले कादरभाई ताकसुद्धा फुंकू लागले. पैसे साइटवरूनच, कमिशन जाऊ दे. साइटवाल्यांना त्यांनी इतक्या वेळा फोन केला की तिथला पोरगा त्यांना आवाजावरून ओळखू लागला. “काका, पैसे आमच्याकडे आलेत. माल पोचला, मॅडमनी ठीक आहे म्हटलं, की तुम्हाला. परत नाही जायचे.” “नक्की?” “नक्की, काका.” “लिहून पाठव.”

करिष्मा स्वतः आली. चपला दाराबाहेर काढल्या, पेटीपुढे बसली आणि भाता भरू लागली. सोजरबाई स्टोव्हपाशी उभ्या होत्या, तिथेच खिळून राहिल्या. खोलीत तो आवाज भीमराज गेल्यानंतर पहिल्यांदा भरला होता. शेजारच्या तानुबाई लाटणे हातात घेऊनच दारात आल्या.

“कुणी वाजवायचं हिला?” करिष्माने विचारले.

“आमचे मालक,” सोजरबाई म्हणाल्या. “तुमी वाजवा. थांबू नका.”

दुसऱ्या दिवशी कादरभाईंनी पेटी बांधली. भाता आतून मऊ कापडाने रोखला, सुरांची फळी वेगळी बांधली, चारही कोपऱ्यांना लाकडी ठोकळे दिले, आणि प्रत्येक स्क्रू हाताने पिळला. तिथे मशीन वापरायला त्यांनी साफ नकार दिला. कंपनीतली मशीन परदेशात पाठवताना घेतली नसेल एवढी काळजी त्यांनी कोल्हापूरला जाणाऱ्या त्या पेटीची घेतली. न्यायला आले बबनरावच, या वेळी साबियाने आधीच पैसे देऊन ठरवलेले. टेम्पो निघाला तेव्हा ते गाडी इतकी सावकाश चालवत होते की मागचे रिक्षावाले शिव्या घालत होते.

पेटी पोचली. वर साधा ओरखडा नाही, असा करिष्माचा फोन आला, आणि दोन दिवसांनी कमिशन कापून पैसे कादरभाईंच्या खात्यात. साबियाने बँकेत दोनदा विचारून खात्री केली. संध्याकाळी कादरभाईंनी सोजरबाईंना घरी बोलावले, की उद्या बँकेत जाऊन सगळे तुमच्या नावावर करू.

सोजरबाई आल्या त्या तणतणतच. कोणीतरी त्यांच्या कानावर घातले होते.

“त्या मक्केच्या पैशाचं मला का न्हाई सांगितलं, भाऊ? तुमचं लाख माझ्या पेटीपायी गेलं. ते यातनं कापून घ्या.”

“कशाला कापू? चेक मी घेतला. पैसे मी पाठवले. साबियानं नको म्हटलं होतं, ऐकलं मी नाही. तुमची काय चूक?”

“तुमी माझं कमिशन वाचवाया गेला हुता.”

“आणि ते तरी कुठं वाचलं?”

“लाख कमी मिळालं म्हणून मी मरत न्हाई!”

“मी पण नाही मरत, वहिनी.”

दोघेही हट्टी. एक घ्या म्हणतोय आणि दुसरा घेत नाही, असले भांडण पिंपरी कॅम्पात रोज बघायला मिळत नाही. शेवटी सोजरबाई गौहरबींकडे वळल्या. गौहरबी शिलाई मशीनवर बसल्या होत्या. गेले तीन आठवडे त्या नवऱ्याशी कामापुरतेच बोलत होत्या, आणि या घरात जे गेले होते ते सर्वांत जास्त त्यांचेच गेले होते.

“भाभी, तुमी तरी सांगा ह्यास्नी. तुमचा बी हक्क हाय. तुमी म्हणाल तसं करीन मी.”

गौहरबी एक शब्द बोलल्या असत्या तर कादरभाई आडवे येऊ शकले नसते, हे त्यांना ठाऊक होते. गौहरबींनी मशीनच्या सुईखालचे कापड सोडवले, दोरा दाताने तोडला आणि घडी घालून बाजूला ठेवले.

“मक्केत अल्लाहच्या त्या घरासमोर उभी राहून मी काय मागू, सोजरबाई? तुमच्या म्हातारपणातून लाख काढून आले, आता माझं ऐक, असं म्हणू?” “पैसे सगळे तुमचे. यांनी भीमराजभाईंना शब्द दिलाय. आणि यांचा शब्द तो माझा.”

सोजरबाईंनी डोळ्याला पदर लावला. मग गौहरबींचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. कादरभाईंना तिथे थांबवेना, ते उगाचच मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

दुसऱ्या दिवशी बँकेचे काम उरकले. सोजरबाईंच्या नावावर सगळी रक्कम ठेव म्हणून पडली आणि पावती त्यांच्या पिशवीत गेली. कादरभाई घरी परतले तर गौहरबी बाजाराला निघाल्या होत्या. हातात पांढऱ्या मांजरपाटाची नवी कोरी पिशवी, तोंडाला नाडी. तिकडे मक्केला मशिदीत शिरताना आपापल्या चपला ठेवायला म्हणून त्यांनी तशा दोन शिवल्या होत्या, एक स्वतःला, एक कादरभाईंना. नाडीच्या टोकाला हिरव्या दोऱ्याने बारीक नाव काढलेले: कादर.

कादरभाई त्या पिशवीकडे बघत राहिले.

“असं काय बघता?” गौहरबी चपला घालत म्हणाल्या. “कोरी आहे. मेथी छान मावेल. चलता का बरोबर, का मी एकटीच ओझं उचलू?”

कादरभाईंनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि ते पुढे चालू लागले.